गुन्हा नाही, पण संरक्षण?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. पुढच्याच मे महिन्यात धावपटू द्युती चंदने आपले एका तरुणीशी नाते असल्याचे जाहीर केले. तुरुंगाची भीती गेली होती. पण संघातून किंवा नोकरीतून काढले तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न मला निराळा वाटतो.

घटनेच्या पंधराव्या कलमातील ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलही येतो, असे त्याच निकालात म्हटले आहे. मात्र हे कलम मुख्यतः सरकारला बांधते. म्हणून सरकारी प्रशिक्षकाला त्याचा आधार मिळतो, खासगी अकादमीतल्या प्रशिक्षकाला नाही. संघटनांचे तर त्रांगडेच आहे. क्रिकेट नियामक मंडळ ‘राज्य’ नाही, असे न्यायालयाने २००५ साली ठरवले. मात्र त्याचे काम सार्वजनिक स्वरूपाचे, म्हणून त्याच्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येते. तालुक्याच्या मैदानावरच्या पोरीने तिथवर जायचे कसे, ते वकीलच जाणोत!

तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याने खासगी नोकरीतल्याही भेदभावाला मनाई केली. समलिंगी प्रशिक्षिका त्या व्याख्येत बसत नाही. तिच्या हाती उरतो नेमणुकीचा करार, आणि त्यात बहुधा महिन्याभराच्या नोटिशीची सोय असते.