काजूचं एक झाड आणि कोकणातलं एक विद्यापीठ : आपल्या धंद्याचा याच्याशी काय संबंध?



"सर, मी काही शिकलेला नाही, मला विद्यापीठात कोण विचारणार?" हा प्रश्न मला ट्रेनिंगमध्ये दर बॅचला येतो. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः बीबीए केलंय, तरी धंदा सुरू केल्यावर पहिली तीन वर्षं मलाही विद्यापीठ म्हणजे परीक्षा, मार्कशीट आणि लांबलचक रांग एवढंच माहीत होतं. व्हिडिओत दहा मिनिटांत हा विषय मावला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

सुरुवात माझ्या नुकसानीपासून करतो. दुकानात कोकणी मेवा ठेवतो हे तुम्हाला माहीत आहे. एका वर्षी ठरवलं, दुसऱ्याचं कोकम सरबत विकण्यापेक्षा आपणच आगळ-सरबत बनवू. गिऱ्हाईक म्हणायचं, "साखर फार असते हो." म्हणून आम्ही साखर कमी केली. अंदाजाने. दोनशे चाळीस बाटल्या भरल्या, लेबलं लावली, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शेल्फवरची झाकणं टप टप उडायला लागली. सरबत आंबलं होतं. विकलेल्या बाटल्या परत घेतल्या, पैसे परत दिले, भिंत पुसली. बायकोने फक्त एवढंच विचारलं, "हे मोजायचं काही यंत्र असतं का?"

असतं. रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात त्याला. हातात मावतं, काचेवर एक थेंब टाकायचा आणि डोळ्याला लावून आकडा वाचायचा. तो आकडा म्हणजे ब्रिक्स, विरघळलेल्या साखरेचं साधारण प्रमाण. सिरप बाहेर कपाटात टिकवायचं तर हा आकडा ६५ च्या आसपास लागतो. त्याच्या बराच खाली गेलात तर यीस्टला मोकळं रान मिळतं, मग नीट पाश्चरायझेशन आणि परवानगी असलेलं प्रिझर्व्हेटिव्ह हवंच. हे मला कुणी शिकवलं? कृषी विज्ञान केंद्रातल्या एका मॅडमनी, एका दिवसाच्या प्रशिक्षणात. हे ज्ञान तिथे आधीपासून होतं. मी विचारायला गेलो नव्हतो, एवढाच फरक.

आता मूळ मुद्दा. विद्यापीठ एखाद्या भागात असल्याने तिथल्या लोकांच्या खिशात पैसा कसा येतो?

पहिला रस्ता सगळ्यांना दिसतो. दापोलीला जा. १८ मे १९७२ रोजी तिथे कोकण कृषी विद्यापीठ सुरू झालं, आज त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचं नाव आहे. घाटावरची मुलं शिकायला येतात, खोल्या भाड्याने घेतात, मेस लावतात, झेरॉक्स काढतात, प्रोजेक्ट बाइंडिंग करतात, चहा पितात. कर्मचाऱ्यांचे पगार गावातच खर्च होतात. हा पैसा बाहेरून गावात येणारा पैसा आहे, आणि पर्यटक सीझन संपल्यावर निघून जातो तसा तो निघून जात नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. सुट्टीत मेस बंद पडते, म्हणून वर्षाचा हिशेब बारा महिन्यांचा धरू नका. आणि विद्यार्थ्यांच्या भरवशावरच्या धंद्यात स्पर्धा पटकन उभी राहते, कारण भांडवल कमी लागतं. यावर मी जास्त लिहीत नाही, यात मोठं गुपित काही नाही.

दुसरा रस्ता दिसत नाही, आणि मोठा पैसा तिथे आहे. तो समजून घ्यायला काजूचं उदाहरण घेऊ.

काजू आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. शेकडो वर्षं लोकांनी बी टोकून झाडं लावली. अडचण अशी की काजूत परपरागीभवन होतं, त्यामुळे चांगल्या झाडाची बी लावली तरी झाड त्याच गुणाचं येईल याची खात्री नसते. एका बागेत एका झाडाची बी टपोरी, शेजारच्याची चिंचोक्याएवढी. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने निवड आणि संकर करून एकामागून एक जाती दिल्या. वेंगुर्ला-४ ही १९८१ ची, वेंगुर्ला-७ ही १९९७ ची. आणि त्या जाती जशाच्या तशा वाढवायला मृदुकाष्ठ कलमाची पद्धत बसवली, म्हणजे कोवळ्या रोपावर जातिवंत झाडाची काडी बांधायची.

आता कागद-पेन घ्या, कारण धंदा इथे आहे.

समजा गावठी बी सरासरी ५ ग्रॅमची. किलोत २०० बिया बसल्या. फोडल्यावर गराचा उतारा २५ टक्के धरू. वेंगुर्ला-७ ची बी साधारण १० ग्रॅमची, म्हणजे किलोत १००, आणि उतारा साधारण ३० टक्के. दोन्हींची १०० किलो बी घेतली तर गावठीतून २५ किलो गर, वेंगुर्ला-७ मधून ३० किलो. पाच किलो जास्त. गर ७०० रुपये किलो धरला (तुमच्या बाजारातला भाव टाका) तर क्विंटलमागे ३,५०० रुपये फक्त उताऱ्यात.

इथे थांबू नका. गावठीच्या १०० किलोत २०,००० बिया फोडाव्या लागल्या, वेंगुर्ला-७ च्या १०,०००. हात निम्म्या वेळा चालला. आणि गराची प्रतवारी बघा. डब्ल्यू-१८०, २४०, ३२० हे आकडे तुम्ही डब्यांवर वाचले असतील. एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये साधारण किती अख्खे गर बसतात त्याचा तो आकडा. आकडा लहान, गर मोठा, भाव जास्त. आपल्या हिशेबात गावठीचा गर सव्वा ग्रॅमचा झाला, म्हणजे पौंडात ३६० च्या वर, तो ३२० च्याही खालच्या प्रतीत गेला. वेंगुर्ला-७ चा गर ३ ग्रॅमचा, पौंडात दीडशेच्या आसपास. तो १८० ला आरामात बसतो. एकच मशीन, त्याच बायका फोडायला, तेच वीजबिल, आणि डब्यावरचा भाव वेगळा.

हा फरक कुठल्या मार्केटिंगने आलेला नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं झाडं लावून, बी मोजून, वजनं करून नोंदी ठेवल्या म्हणून आला. एवढा काळ थांबणं एकट्या दुकानदाराला किंवा कारखानदाराला परवडणार नाही. विद्यापीठ थांबू शकतं, कारण त्याच्यावर महिन्याच्या हप्त्याचं ओझं नसतं. मला वाटतं, विद्यापीठाचा आसपासच्या धंद्याला होणारा खरा उपयोग हाच आहे.

पण जात तयार झाली म्हणजे गाव श्रीमंत झालं असं होत नाही. मधे एक घटना घडली. १९९० मध्ये महाराष्ट्र सरकारने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीला १०० टक्के अनुदान सुरू केलं. अचानक कलमांना मागणी आली, आणि ती सगळी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून पुरी होणं शक्यच नव्हतं. ही पोकळी खाजगी रोपवाटिकांनी भरली. ज्यांच्याकडे जातिवंत मातृवृक्ष होते, ज्यांना कलम बांधायचं कसब होतं, त्यांचा धंदा उभा राहिला. कलमं बांधणारी माणसं, पिशव्या भरणाऱ्या बायका, कलमं पोचवणारे टेम्पो. मग बागा धरल्या, तेव्हा बी गोळा करणारे, फोडणारे, पॅकिंग करणारे. संशोधन, सरकारी योजना आणि गावातला उद्योजक, तिघं एकत्र आले तेव्हा पैसा फिरला. यातला एक जरी नसता तर वेंगुर्ला-७ अहवालातच राहिली असती.

आंब्यातही असंच. दापोली विद्यापीठाने हापूसला दरवर्षी मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे बागायतदार ज्याला कल्टार म्हणतात, त्याच्या वापराची शिफारस केली. देठासकट आंबा काढता यावा म्हणून नूतन झेला केला. साधी वस्तू आहे हो, बांबूच्या टोकाला जाळी आणि पातं. पण देठ राहिला की चीक फळावर सांडत नाही, डाग पडत नाही, आंबा वरच्या भावाला जातो. आणि झेला बनवून विकणं हाही कुणाचा तरी धंदा झाला. रत्ना ही साका नसलेली जात १९८१ ची. ती चांगली असूनही बाजाराने हापूसचंच नाव धरून ठेवलं. शास्त्रज्ञ फळ सुधारू शकतो, गिऱ्हाइकाची सवय बदलणं त्याच्या हातात नाही. ते काम आपलं.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, जीआय, मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. अर्जदारांत दापोलीचं विद्यापीठही होतं. तुम्ही या जिल्ह्यांतले बागायतदार किंवा प्रक्रियादार असाल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. नोंदणी नसताना पेटीवर जीआयचं चिन्ह छापू नका. कायद्याचं काम आहे ते.

आता तक्रारीचंही बोलू, नाहीतर तुम्ही म्हणाल सर जाहिरात करतायत. सरकारी आणि शिक्षणसंस्थांचा वेग आपल्या वेगाशी जुळत नाही. एका संस्थेत साध्या तपासणी अहवालासाठी मी पाच आठवडे खेटे घातले, तोवर सीझन संपला. त्यामुळे सीझनच्या दोन महिने आधी जा. आणि तिथली माणसं तंत्र सांगतील, भाव सांगणार नाहीत. "सर, हे विकलं जाईल का?" असं शास्त्रज्ञाला विचारलं तर तो बिचारा काय सांगणार? त्याला विचारायचे प्रश्न वेगळे : किती दिवस टिकेल, किती तापमान, कुठली जात, कुठलं यंत्र, नुकसान कुठे होतं.

कुठे जायचं? कोकणात नसाल तरी तुमच्या भागाचं कृषी विद्यापीठ आहे. पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेशाला राहुरी, विदर्भाला अकोला, मराठवाड्याला परभणी. चारही विद्यापीठांची दरवर्षी संयुक्त बैठक होते, तिला जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात. तिथे नव्या जाती, अवजारं आणि शिफारशी मंजूर होतात. त्याची बातमी आली की अवजारांचा भाग नक्की वाचा, त्यात फॅब्रिकेशनवाल्यांसाठी खूप काही असतं. मासळीचा विचार असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. शेतीशी संबंध नसलेला धंदा असेल तर जवळच्या सार्वजनिक विद्यापीठात इनोव्हेशन, इन्क्युबेशन अँड लिंकेजेस असा विभाग शोधा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यासाठी स्वतंत्र संचालकाची तरतूद आहे. काही ठिकाणी उत्साही माणूस भेटेल, काही ठिकाणी फक्त पाटी. पाटी दिसली तर प्राध्यापकांना थेट गाठा, विद्यार्थ्यांना प्रोजेक्टला विषय हवेच असतात.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. मी आंबलेली बाटली घेऊन गेलो होतो, सोबत कुठल्या तारखेला किती कोकम, किती साखर ते लिहिलेली वही. बाटली उघडून त्यांनी वास घेतला आणि आधी वहीच मागितली.

आणि एक काम अजून कुणीतरी करायचं बाकी आहे : काजूचं बोंडू. गोव्यात त्याची फेणी होते, आपल्याकडे कोकणात बरंचसं झाडाखालीच सडतं. एका दिवसात खराब होतं आणि घसा धरतं, या दोन अडचणी. घसा धरणारं टॅनिन साबुदाण्याची पेज घालून खाली बसवता येतं, ते तंत्र तयार आहे. रोज सकाळी बोंडं गोळा करून दुपारच्या आत रस काढणारं कुणी मात्र नाही. माझं गणित अजून वाहतुकीवर अडतंय. फेब्रुवारीत पन्नास किलोवर करून बघणार आहे, आकडे जसे येतील तसे व्हिडिओत दाखवतो.