जाम झालेला स्विंगआर्म बुश: हातोडा आधी बाजूला ठेवा
जुनी येझदी असो, बुलेट असो की आरएक्स १००, स्विंगआर्मचे बुश वर्षानुवर्षं ग्रीस न मिळाल्यामुळे गंजून घट्ट बसतात. हातोड्याने ठोकलं तर बुशची कड फुलते, तो आणखी आवळतो आणि स्विंगआर्म वाकण्याची भीती असते ती वेगळीच.

माझा क्रम असा:

१) दोन्ही बाजूंनी पेनिट्रेटिंग ऑइल सोडा. रात्रभर मुरू द्या.

२) ओढून काढा. लांब हाय-टेन्साइल बोल्ट, नट, जाड वॉशर घ्या. एका बाजूला बुशपेक्षा किंचित लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल एवढा पाइपचा तुकडा. नट आवळत गेलं की बुश सरळ पाइपमध्ये सरकतो.

३) तरीही हलत नसेल तर बुशभोवतीची स्विंगआर्मची नळी ब्लो-टॉर्चने तापवा. गनमेटलचा बुश लोखंडी नळीपेक्षा जास्त फुगतो, पण नळीत अडकल्यामुळे दबतो. थंड झाल्यावर पकड सैल होते. तापवण्याआधी तेल नीट पुसा, नाहीतर भडका उडेल.

४) शेवटचा उपाय हॅक्सॉ ब्लेड. बुशला आतून लांबीच्या दिशेने चीर द्या, नळीला ओरखडा न लावता. मग छिन्नीने कड आत दुमडा.

रबरी बुश असेल तर रबर जाळू नका, धूर विषारी असतो. ड्रिलने पोखरा, मग बाहेरच्या पत्र्याला चीर द्या.

नवा बुश तासभर फ्रीजरमध्ये ठेवून प्रेसने बसवा. गनमेटलचा असेल तर बसवल्यावर रीमर फिरवून माप जुळवा, कारण दाबल्यावर आतलं भोक थोडं आवळतं.

तुमची पद्धत वेगळी असेल तर कमेंटमध्ये लिहा.