चुंबकीय क्षेत्र आणि इलेक्ट्रॉनांच्या जोड्या: काही गैरसमज

लायडनच्या प्रयोगशाळेत १९११ साली हाइके कामरलिंग ओनेस यांना एक नवल दिसले. ४.२ केल्विन तापमानाला पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा होत होता; यालाच अतिसंवाहकता म्हणतात. रोध नाही म्हणजे तार तापणार नाही आणि हवा तेवढा जबरदस्त विद्युतचुंबक बनवता येईल, अशी उमेद त्यांनी बाळगली. शिशावरच्या प्रयोगांनी ती मावळली. टेस्लाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी चुंबकीय क्षेत्रात शिशाची अतिसंवाहकता मोडत होती. तेव्हापासून ‘चुंबकीय क्षेत्र म्हणजे अतिसंवाहकतेचा वैरी’ हा धडा पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जातो. तो खोटा नाही, अपुरा आहे. थराथरांनी बनलेल्या पदार्थांविषयीचे बरेच गैरसमज याच अपुरेपणातून निघतात.

अतिसंवाहकात वीज वाहून नेतात त्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या. चुंबकीय क्षेत्र या जोड्यांवर दोन वेगळ्या वाटांनी घाला घालते. एक वाट गतीची. क्षेत्र धावत्या इलेक्ट्रॉनाला वळवते, पदार्थात प्रवाहाचे भोवरे उठतात, आणि ते दाटीवाटीने भरले की अतिसंवाहकता संपते. दुसरी वाट स्पिनची, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनाच्या अंगच्या छोट्या चुंबकाची. नेहमीच्या जोडीत दोघांचे स्पिन परस्परविरुद्ध असतात. क्षेत्राला मात्र दोन्ही स्पिन एकाच दिशेला हवे असतात. त्याची ओढ जोडीच्या बंधनाहून वरचढ झाली की जोडी फुटते.

या दुसऱ्या वाटेची मर्यादा १९६२ मध्ये क्लॉगस्टन आणि चंद्रशेखर यांनी स्वतंत्रपणे काढली. पदार्थ ज्या तापमानाला अतिसंवाहक होतो त्या दर केल्विनमागे सुमारे १.८४ टेस्ला. हे चंद्रशेखर म्हणजे ताऱ्यांच्या वस्तुमानाची मर्यादा काढणारे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, असे अनेकजण धरून चालतात. ते नव्हेत. हे बी. एस. चंद्रशेखर, घनपदार्थांचे भौतिकशास्त्रज्ञ.

‘या पदार्थाला इतके टेस्ला सोसतात’ असे एकच आकडा देणारे वाक्य वाचले की मी आधी विचारतो, क्षेत्र कोणत्या दिशेने लावले होते? भाकऱ्यांच्या चवडीसारखा थरांचा पदार्थ घ्या. क्षेत्र थरांना लंब असेल तर इलेक्ट्रॉन थरातल्या थरात गोल फिरू शकतात, भोवरे सहज उठतात. क्षेत्र थरांना समांतर केले, तर फिरण्यासाठी इलेक्ट्रॉनांना एका थरातून दुसऱ्या थरात उडी मारावी लागते, आणि ती अवघड असते. पहिली वाट जवळजवळ बंद होते. स्ट्रॉन्शियम रुथेनेटमध्ये लंब क्षेत्र ०.०७५ टेस्लाच्या आसपास पुरे होते, समांतर क्षेत्र मात्र सुमारे १.५ टेस्ला लागते. पदार्थ तोच, फरक वीस पटींचा.

इथून सर्वांत चिवट गैरसमज सुरू होतो. ‘समांतर क्षेत्रात १९६२ ची मर्यादा ओलांडली, म्हणजे जोडीतले स्पिन एकाच दिशेला आहेत, म्हणजे ही नेहमीहून निराळ्या जोड्यांची, अपारंपरिक अतिसंवाहकता.’ युक्तिवाद सरळ वाटतो. पण नायोबियम डायसेलेनाइडचा एकच थर पाहा. तो सुमारे ३ केल्विनला अतिसंवाहक होतो, तेव्हा मर्यादा साडेपाच टेस्लांची. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मापनांत तो या मर्यादेच्या सहा पटींहून अधिक क्षेत्र सोसताना दिसला. तरी त्याच्या जोडीतले स्पिन विरुद्धच मानले जातात. कारण थराच्या आत आहे. जड अणूंमुळे इलेक्ट्रॉनाची गती आणि त्याचा स्पिन एकमेकांत घट्ट गुंततात. थराच्या रचनेत उलटसुलट सममिती नसते. त्यामुळे एका दिशेने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनाचा स्पिन थराला लंब असा वर रोवलेला असतो, उलट दिशेच्या जोडीदाराचा खाली. बाहेरचे समांतर क्षेत्र या रोवलेल्या स्पिनांना आडवे पाडू शकत नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये हा आतला जोर सुमारे शंभर टेस्लांच्या क्षेत्राइतका भरतो. रुग्णालयातले एमआरआय यंत्र बहुधा दीड किंवा तीन टेस्लांचे असते, यावरून त्याची कल्पना यावी.

म्हणूनच तीन थर ठरावीक कोनात पिळून रचलेल्या ग्राफीनची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. एमआयटीत पाब्लो हारियो-एरेरो यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले की त्यातली अतिसंवाहकता मर्यादेच्या दोन-तीन पट समांतर क्षेत्रात तग धरते, आणि १० टेस्लांच्या आसपासही दिसते. कार्बन हलका, त्यामुळे वरची पळवाट तिथे जवळजवळ नाही. विरुद्ध स्पिनांची साधी जोडी इथे नसावी, असे त्या गटाचे म्हणणे.

‘क्षेत्राने अतिसंवाहकता कधी निर्माण होत नाही’ हेही सोडून द्यायला हवे. लोहयुक्त एका सेंद्रिय क्षारात वीज वाहणारे रेणूंचे थर आणि लोहाचे थर आलटूनपालटून येतात. क्षेत्र नसताना तो थंडीत विद्युतरोधक असतो. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी थरांना अगदी समांतर असे क्षेत्र वाढवत नेले आणि १८ टेस्लांच्या आसपास अतिसंवाहकता उगवली. ३३ टेस्लांजवळ ती सर्वांत बळकट असते. बाहेरच्या क्षेत्राने लोहाचे स्पिन रांगेत येतात आणि इलेक्ट्रॉनांवर उलट दिशेचा आतला प्रभाव टाकतात. ३३ टेस्लांजवळ बाहेरचे क्षेत्र आणि हा प्रभाव एकमेकांना खोडून काढतात. इलेक्ट्रॉनांच्या स्पिनांना क्षेत्र जणू जाणवतच नाही. हे नवल डोळे दिपवते, पण त्यासाठी जोडी अपारंपरिक असण्याची गरज नाही.

चुंबकत्व आणि अतिसंवाहकता एका घरात नांदू शकतात, याची ठळक साक्ष मुंबईतही मिळाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९९४ मध्ये निकेल, बोरॉन आणि कार्बनयुक्त थरांच्या अतिसंवाहकांचे कुटुंब हाती लागले. त्यातला अर्बियमचा सदस्य सुमारे ११ केल्विनला अतिसंवाहक होतो. ६ केल्विनला अर्बियमचे अणू चुंबकीय शिस्तीत उभे राहतात, तरी अतिसंवाहकता टिकते.

अपारंपरिक म्हणजे उच्च तापमानाची, हा समज दोन उदाहरणांत मिटतो. मॅग्नेशियम डायबोराइड ३९ केल्विनला अतिसंवाहक होते आणि ते पारंपरिक आहे. स्ट्रॉन्शियम रुथेनेट जेमतेम १.५ केल्विनला होते, तरी ते अपारंपरिक मानले जाते आणि त्याच्या जोडीचे कोडे अजून सुटलेले नाही.

या रुथेनेटनेच सर्वांना सर्वाधिक काळ चकवले. १९९४ मध्ये योशितेरू माएनो आणि सहकाऱ्यांना त्यातली अतिसंवाहकता सापडली. १९९८ मध्ये केंजी इशिदा आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुस्पंदनाने स्पिनांचा प्रतिसाद मोजला. विरुद्ध स्पिनांच्या जोड्या असत्या तर तो घटला असता; पण अतिसंवाहक होतानाही तो बदलला नाही, म्हणजे जोडीतले स्पिन समांतर, असा निष्कर्ष निघाला. दोन दशके पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण म्हणून छापले गेले. चुंबकीय क्षेत्र मात्र सतत वेगळे सांगत होते. थरांच्या रचनेवरून समांतर क्षेत्राची जी अपेक्षा होती, तिच्या कितीतरी खालीच अतिसंवाहकता मोडत होती, आणि अत्यंत थंडीत ती एका झटक्यात मोडत होती. हे लक्षण स्पिनच्या वाटेने फुटणाऱ्या जोडीचे, म्हणजे विरुद्ध स्पिनांचे.

२०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने तेच मापन कमी ऊर्जेच्या रेडिओस्पंदांनी केले. प्रतिसाद स्पष्ट घटला. आधीच्या प्रयोगांतले रेडिओस्पंद नमुन्याला क्षणभर तापवत होते, मोजमाप होत होते तेव्हा तो अतिसंवाहक उरतच नव्हता. पुढच्याच वर्षी इशिदा आणि माएनो यांनी स्वतःच मापन पुन्हा केले, आणि स्पंदांनी नमुना तापत होता हे प्रसिद्ध करून आपल्याच दोन दशकांच्या निष्कर्षाला दुरुस्ती लावली.