चाकांवरची अक्षरे

ज्या चित्राचा फलकच चाकांवर चढलेला असतो आणि जे उजाडताच ब्राँक्सपासून ब्रुकलिनपर्यंत अनोळखी माणसांच्या डोळ्यांपुढून धडधडत निघून जाते, ते टांगून ठेवण्याची सोय कोणत्याच संग्रहालयापाशी नसते. १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या रेल्वेचे डबे रंगविले ते बहुतांशी शाळकरी वयाच्या मुलांनी. रात्री यार्डात शिरावे, स्प्रेच्या रंगाने आपले टोपणनाव डब्याच्या अंगभर लिहावे आणि सकाळी फलाटावर त्याची वाट पाहत उभे राहावे, असा त्यांचा क्रम. ती स्वतःला चित्रकार न म्हणविता ‘रायटर’, म्हणजे लिहिणारे, म्हणवीत. कारण त्यांच्या कलेचा प्राण अक्षर हाच होता.

हेन्री चॅल्फंट या शिल्पकारांनी समोरच्या फलाटावरून, गाडी थांबते तेवढ्या अवधीत, डब्याचे तुकडे एकापाठोपाठ टिपून व पुढे ते सांधून अखंड डबा कागदावर उभा केला. परंतु छायाचित्रात गाडी थांबते, आणि थांबलेली गाडी हे त्या कलेचे अर्धेच रूप होय. उरलेले अर्धे चलच्चित्राने दिले. मॅनफ्रेड किर्कहायमर यांच्या ‘स्टेशन्स ऑफ द एलिव्हेटेड’ (१९८१) या ४५ मिनिटांच्या माहितीपटात निवेदन मुळीच नाही; चार्ल्स मिंगस यांच्या जॅझच्या साथीने उंच पुलांवरून रंगीत गाड्या येतात, आणि त्यांच्या जोडीला जाहिरातींचे अवाढव्य फलक दिसत राहतात. पैसे मोजणाऱ्याचे चित्र शहराला चालते, या मुलांचे चालत नाही, ही गोष्ट इतक्या निःशब्दपणे सांगितलेली मी अन्यत्र पाहिली नाही.

टोनी सिल्व्हर यांनी चॅल्फंट यांच्या सहकार्याने केलेला ‘स्टाइल वॉर्स’ (१९८३) मात्र महापौर एड कॉच यांच्यापासून पोलिसांपर्यंत सर्वांचे जाबजबाब घेतो. त्यात केस टू नावाचा तरुण आहे. बालपणीच आगगाडीच्या अपघातात एक हात व एक पाय गमावलेला, आणि तरीही त्याच गाड्यांवर स्वतःच्या वळणाची गुंतागुंतीची अक्षरे घडविणारा. स्कीम नावाचा दुसरा मुलगा स्वयंपाकघरात आईसमोर आहे. या उद्योगात कसला अर्थ आहे, हे त्या माउलीला कळत नाही. आणि हे आपण लोकांसाठी करीत नाही, स्वतःसाठी आणि वाचू शकणाऱ्या आपल्यासारख्या मुलांसाठी करतो, असे तो निश्चयाने सांगतो. मला दोघांचेही पटते, आणि दिग्दर्शकानेही कोणाच्या बाजूने निवाडा दिलेला नाही.

सरकारी बंदोबस्त कडक होत गेला. १९८१ मध्ये क्वीन्समधील कोरोना यार्डाला दुहेरी कुंपण घालून मधल्या पट्ट्यात राखणीचे कुत्रे सोडले गेले. पुढे, रंगलेला डबा स्वच्छ केल्यावाचून रुळावर आणायचाच नाही, असे धोरण ठरले. १२ मे १९८९ रोजी अखेरची रंगलेली गाडी सेवेतून काढण्यात आली. फलाटावर तिची वाट पाहणारी मुले तोवर मोठी झाली होती.