इंटरनेट अडते कुठे? कार्यालयाच्या भिंतीत!

प्रतिनिधी

छोट्या व्यवसायाचे कामकाज इंटरनेटवर किती विसंबून आहे, याची जाणीव ते बंद पडल्याशिवाय होत नाही. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला. एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल सक्तीचे झाले. वार्षिक उलाढाल पाच कोटी रुपयांहून अधिक असलेल्या व्यावसायिकांना ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. गल्ल्यावर रोकडीच्या जोडीला क्यूआर कोड आला. साहजिकच, अर्धा तास जोडणी तुटली की भरलेला टेम्पो दारात उभा राहतो आणि ग्राहक शेजारच्या दुकानाकडे वळतो.

अशा वेळी पहिला दूरध्वनी इंटरनेट कंपनीला जातो. कंपनीचा माणूस येतो, राऊटरला स्वतःचा लॅपटॉप जोडून वेग मोजतो, 'आमच्याकडून सगळे ठीक आहे' असे सांगून निघून जातो. मालकाला ही टोलवाटोलवी वाटते. बऱ्याचदा मात्र दोघेही खरे बोलत असतात. कंपनीची जबाबदारी तिने बसविलेल्या पेटीपाशी संपते. तेथून कर्मचाऱ्याच्या टेबलापर्यंतचा प्रवास हा मालकाचा मामला असतो. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस ठरविण्यात आला होता. त्या काळी अडथळा बाहेरच्या वाहिनीत असे. आता फायबरवरून १०० एमबीपीएस व त्याहून अधिक वेग सहज मिळतो आणि अडथळा कार्यालयाच्या आत सरकला आहे. तो बहुधा भिंतीतल्या केबलमध्ये किंवा छताला लटकविलेल्या वायफायच्या डबीत सापडतो.

आठ तारांचे गणित

कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या नेटवर्क केबलमध्ये आठ बारीक तारा असतात आणि त्या दोन-दोन करून एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. हा पीळ सोयीसाठी दिलेला नाही. शेजारच्या विजेच्या तारेतून किंवा ट्यूबलाइटच्या चोकमधून येणारा उपद्रव जोडीतील दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला वजाबाकीत निघून जातो. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच या कल्पनेचे पेटंट घेतले होते. आजची प्रत्येक नेटवर्क केबल त्याच तत्त्वावर चालते.

म्हणूनच केबलच्या टोकाला जोडणी करताना पीळ किती उलगडला, याला महत्त्व असते. प्रमाणित पद्धतीनुसार तो सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये. घाईत काम उरकणारा कारागीर दोन-तीन इंच तार मोकळी करून प्लग ठोकतो. केबल 'चालते', पण गर्दीच्या वेळी डगमगते.

दुसरी चूक रंगांच्या क्रमाची. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा प्रचलित क्रम पाहणाऱ्याला विचित्र वाटतो, कारण हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी येते. 'दोन्ही टोकांना सारखेच रंग लावले म्हणजे झाले' असे समजून कोणी जोड्या सरळ ओळीने लावल्या, तर तीन आणि सहा क्रमांकाच्या तारा एकाच जोडीतल्या राहत नाहीत. पिळाचा फायदा तिथेच संपतो. गंमत अशी, की दिवे लागणारा स्वस्त टेस्टर अशा केबललाही उत्तीर्ण करतो. आठही दिवे क्रमाने लागतात, कारण हे उपकरण तार तुटली आहे की नाही एवढेच पाहते.

तिसरी खूण प्रत्येक मालकाला स्वतः तपासता येते. १०० एमबीपीएस वेगासाठी चारपैकी दोन जोड्या पुरतात. एक गिगाबिट वेगासाठी, म्हणजे १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या पद्धतीसाठी, चारही जोड्या लागतात. न वापरल्या जाणाऱ्या जोडीतील एखादी तार तुटली तर यंत्रे मुकाट्याने १०० वर उतरतात आणि कोणालाच कळत नाही. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' पाहावा. गिगाबिट स्विच असूनही तेथे १०० दिसत असेल, तर केबल किंवा तिच्या टोकाचा प्लग संशयित ठरतो. फरक किती पडतो? ५०० मेगाबाइटची नकाशाची फाइल दुसऱ्या संगणकावर जाण्यास १०० एमबीपीएसवर कागदोपत्री ४० सेकंद लागतात, तर गिगाबिटवर चार. वास्तुविशारदाच्या किंवा छपाईच्या व्यवसायात हा फरक दिवसातून पन्नास वेळा जाणवतो.

तांबे की तांब्याचा मुलामा?

बाजारात 'कॅट-६' असे छापलेल्या दोन खोक्यांच्या किमतीत मोठी तफावत दिसते. तिचे कारण बहुधा तारेत दडलेले असते. स्वस्त केबलमधील तार ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर तांब्याचा पातळ थर चढविलेला असतो. अशी केबल आंतरराष्ट्रीय मानकांत बसत नाही. तिचा विद्युतरोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, ती वाकविताना लवकर तुटते आणि जोडणीच्या जागी काही काळाने दगा देते. सीसीटीव्ही कॅमेरे किंवा वायफाय अॅक्सेस पॉइंट यांना केबलमधूनच वीज पुरविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. २००३ च्या पहिल्या मानकात ही वीज १५.४ वॉट होती. २०१८ च्या मानकात ती ९० वॉटपर्यंत गेली. अशा ठिकाणी मुलाम्याची तार तापते, हा नुसत्या वेगाचा नव्हे तर सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

ओळखण्याची पद्धत सोपी आहे. तारेचे टोक ब्लेडने खरवडावे. आत चंदेरी रंग दिसला तर ते ॲल्युमिनियम. ३०५ मीटरचे खोके उचलून पाहिले तरी वजनातला फरक हाताला कळतो.

अंतराचीही मर्यादा आहे. स्विचपासून संगणकापर्यंत एकूण १०० मीटर. त्यातील ९० मीटर भिंतीतील पक्की केबल आणि उरलेले १० दोन्ही टोकांच्या सुट्या तारांसाठी. छोट्या कार्यालयाला ही मर्यादा क्वचितच आड येते. औद्योगिक वसाहतीतील लांबलचक शेडमध्ये मात्र ती हमखास ओलांडली जाते. कॅट-५ई गिगाबिटसाठी आजही पुरेशी आहे. तथापि नव्याने काम करताना कॅट-६ घालावी, कारण खरा खर्च केबलचा नसून भिंत फोडण्याचा आणि मजुरीचा असतो.

वीज, पाऊस आणि दोन इमारती

केबल विजेच्या वायरिंगसोबत एकाच पाइपमधून नेण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो टाळलाच पाहिजे. दोन्हींचे मार्ग वेगळे असावेत आणि जेथे ओलांडणे अटळ आहे तेथे ते काटकोनात ओलांडावेत.

आपल्याकडे मे महिन्यातील वळीव आणि ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस विजांच्या कडकडाटासह येतो. कार्यालय एका इमारतीत आणि गोदाम समोरच्या इमारतीत असेल, तर गच्चीवरून तांब्याची केबल टाकली जाते. दोन्ही इमारतींचे अर्थिंग वेगळे असते. जवळपास वीज पडली की दोन्हींमधील दाबातला फरक याच केबलमधून वाट काढतो आणि दोन्ही टोकांची यंत्रे एकाच वेळी निकामी होतात. दोन इमारती जोडण्यासाठी फायबर हाच योग्य उपाय आहे. आतला धागा काचेचा असतो आणि काच वीज वाहून नेत नाही. मात्र केबलच्या आवरणात पोलादी तार नसलेला प्रकार मागून घ्यावा. बाहेरच्या केबलचे आवरण ऊन-पाऊस सोसणारे काळे असावे. घरातील वापराची केबल उन्हात लवकरच तडकते.

वायफाय, वाड्यातला सामायिक नळ

केबल ही प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आलेली स्वतंत्र नळजोडणी म्हटली, तर वायफाय म्हणजे वाड्याच्या चौकातला एकच सामायिक नळ. एका वेळी एकाचीच घागर भरते, बाकीच्यांनी थांबायचे. त्यात एखाद्याची घागर अरुंद तोंडाची असली, म्हणजे एखादा जुना संथ फोन किंवा लांब कोपऱ्यातला लॅपटॉप असला, की सगळी रांग खोळंबते. राऊटरच्या खोक्यावर छापलेला वेग रिकाम्या वाड्यातला असतो, हे खरेदीच्या वेळी ध्यानात घ्यावे.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी तीनच चॅनेल आहेत: १, ६ आणि ११. एखाद्या व्यापारी संकुलात प्रत्येक गाळ्यात एक राऊटर असेल, तर तीस राऊटर या तीन चॅनेलवर भांडत असतात. ५ गिगाहर्ट्झमधील मोठा हिस्सा ऑक्टोबर २०१८ मध्ये खुला झाला आणि तेथे जागा बरीच आहे. मात्र या लहरी भिंतीतून कमी पार होतात. काँक्रीटची भिंत, पत्र्याचे पार्टिशन, लोखंडी कपाटांची रांग आणि पाण्याची टाकी हे त्यांचे मोठे शत्रू.

यावर उपाय म्हणून भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा रिपीटर विकत घेतला जातो. एकाच पट्ट्यावर काम करणारा रिपीटर प्रत्येक संदेश एकदा ऐकतो आणि पुन्हा बोलतो. साहजिकच वेग निम्म्यावर येतो. त्याऐवजी दूरच्या खोलीपर्यंत केबल नेऊन तेथे स्वतंत्र अॅक्सेस पॉइंट बसवावा. थोडक्यात, चांगल्या वायफायची सुरुवातही चांगल्या केबलपासूनच होते.

कोणाला काय द्यावे? जे जागेवरून हलत नाही ते केबलवर: हिशेबाचा संगणक, बिलिंगचे यंत्र, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. जे हातात फिरते ते वायफायवर. हिशेबाची फाइल दुसऱ्या संगणकावर असेल आणि नोंद होत असतानाच वायफाय तुटले, तर फाइल बिघडण्याचा धोका असतो. वर्षअखेरीला हा धोका परवडणारा नाही.

उघडे दार

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे प्रसारमाध्यमांना आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरातील असुरक्षित वायफायपर्यंत पोहोचला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीतील स्फोटांच्या वेळी आलेल्या ई-मेलचा माग मुंबईतील चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायपर्यंत गेला. उघड्या जोडणीचा वापर कोणी परकेच करून गेले आणि पोलिस मात्र मालकाच्या दारात आले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या.

आज पासवर्ड नसलेले वायफाय विरळा. पण पासवर्ड असणे आणि तो गुप्त असणे यात अंतर आहे. दुकानाचे नाव आणि पुढे १२३ हा पासवर्ड सर्व ग्राहकांना ठाऊक असतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा मूळ पासवर्ड तर अनेक ठिकाणी कारखान्यातून आला तसाच असतो. 'डब्ल्यूईपी' ही जुनी संरक्षणपद्धत २००१ मध्येच भेदली गेली. ती दिसल्यास तत्काळ बदलावी. 'डब्ल्यूपीए-२' किंवा २०१८ मध्ये आलेली 'डब्ल्यूपीए-३' निवडावी. बटण दाबून जोडण्याची 'डब्ल्यूपीएस' सोय बंद ठेवावी. तिच्यातील त्रुटी २०११ मध्ये उघड झाली आहे. ग्राहक व पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' नेटवर्क द्यावे, म्हणजे त्यांच्या फोनमधून आपल्या हिशेबाच्या संगणकापर्यंत वाट राहणार नाही.

दुसरी वाट हवीच

भिंतीतले सारे काम चोख केले तरी रस्त्यावरची खोदाई आपल्या हाती नाही. म्हणून दोन जोडण्या घ्याव्यात, मात्र त्यांचे मार्ग वेगळे असावेत. दोन कंपन्यांच्या फायबर एकाच खांबावरून येत असतील, तर त्या एकाच फांदीने तुटतात. एक फायबर आणि दुसरी मोबाइलच्या ४-जी वा ५-जीवर चालणारी, ही जोडी अधिक भरवशाची. दोन्ही सांभाळणारा राऊटर पहिली तुटताच आपोआप दुसरीकडे वळतो. फायबरची पेटी, राऊटर आणि स्विच यांना छोटा यूपीएस द्यावा. वीज गेल्यावर संगणक चालू आणि इंटरनेट बंद, हे दृश्य त्यामुळे टळते.

काम देताना हे लेखी घ्या

- केबल शुद्ध तांब्याची, तिची श्रेणी आणि उत्पादकाचे नाव कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेले असावे.
- प्रत्येक जोडणीचा वेगाच्या मानकानुसार तपासणी अहवाल मिळावा. दिव्यांच्या टेस्टरवर समाधान मानू नये.
- प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक आणि सोबत कागदावर नकाशा असावा.
- आजच्या गरजेपेक्षा थोड्या अधिक जोडण्या घालून ठेवाव्यात. प्रत्येक टेबलापाशी दोन.
- राऊटर, स्विच आणि कॅमेऱ्यांचे पासवर्ड मालकाच्या हवाली करावेत.
- अंतिम रक्कम अहवाल हाती आल्यावरच द्यावी.

यातील पासवर्डची अट सर्वांत दुर्लक्षित आहे. काम करणारा कारागीर दुसऱ्या गावी जातो, फोन उचलत नाही, आणि स्वतःच्याच कार्यालयाची किल्ली मालकाकडे नसते. गाळा भाड्याने घेताना आपण कुलूप बदलतो. तेवढीच दक्षता या न दिसणाऱ्या दाराच्या बाबतीतही घेतली पाहिजे.