रोजनिशीची किल्ली कोणाकडे?

रोजनिशी म्हणजे माणसाने स्वतःशीच केलेले हितगुज. इंग्लंडच्या आरमार खात्यातील सॅम्युअल पीप्स याने १६६० ते १६६९ या काळातील आपली रोजनिशी लघुलिपीत लिहिली. वही त्याच्याच ताब्यात होती. आज हेच लेखन इंटरनेटवरून दूरच्या, परक्या संगणकावर ठेवले जाते. त्यात सोय आहे. वही हरवत नाही, जुनी नोंद क्षणात सापडते. परंतु सोय म्हणजे मालकी नव्हे. १९९८ मध्ये अमेरिकेत निघालेली ‘ओपन डायरी’ ही सेवा २०१४ मध्ये बंद पडली आणि २०१८ मध्येच पुन्हा सुरू झाली. दरम्यान, प्रत न ठेवणाऱ्यांना आपलेच शब्द दुर्लभ झाले.

प्रश्न केवळ जतनाचा नाही. मजकूर उलगडण्याची किल्ली कंपनीकडे असेल, तर गुप्तता तिच्या भरवशावरच राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तथापि निकालाने कुलूप लागत नाही. प्रत आणि किल्ली दोन्ही लिहिणाऱ्याजवळच हवीत. कोणी वाचील या धास्तीने हात आखडला, की रोजनिशीचे जाहीर निवेदन होते. आणि माणूस स्वतःशीही खरे बोलेनासा होतो.