मुखवट्यामागची माती – भाग ५ : सगळा जीव कडेत

गेल्या आठवड्यात आपण नटाच्या चेहऱ्याचा ठसा घेतला आणि त्यात प्लास्टर ओतलं. आता मिटल्या डोळ्यांचं ते पांढरं डोकं टेबलावर आहे. त्यावर नवा चेहरा घडवायचा आणि मग त्या चेहऱ्याचा साचा काढायचा. त्या साच्यात सिलिकॉन भरलं की नटाला चिकटवायचा तुकडा मिळतो.

साचा म्हणजे काय, हे आंबिवली-मोहने पट्ट्यात कुणाला समजावायला नको. गणपतीचे कारखाने सगळ्यांनी पाहिलेत : रबरी साचा, बाहेरून प्लास्टरचं कवच, आत काथ्या घालून भरलेलं पीओपी. पुढे डोंबिवलीत शिल्पकार भाऊ साठ्यांचं शिल्पालय आहे. गेटवेसमोरचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. पण मूर्तीचा सांधा पॉलिश पेपरने घासता येतो, ब्राँझचा छिन्नीने उडवता येतो. नटाच्या गालावर चिकटवलेला तुकडा घासणार कसा? त्याची कड साच्यातूनच कागदाहून पातळ यावी लागते. नाक कितीही झकास घडवा, कड जाड आली की कॅमेऱ्याला ती पहिली दिसते.

घडवायला शाडू चालत नाही. वाळली की ती तडकते. तेलमिश्रित, न वाळणारी माती लागते, आणि तीही गंधकविरहित. गंधक असलं तर प्लॅटिनम जातीचं सिलिकॉन जमतच नाही, वरचा थर चिकट राहतो. लेटेक्स रबराचाही त्याला असाच त्रास होतो, तेव्हा गणपतीचे जुने रबरी साचे आणि हातातले लेटेक्सचे मोजे या कामापासून लांब ठेवा.

या कलेत भर घालता येते, वजाबाकी करता येत नाही. नटाचं नाक मोठं असेल तर ते लहान होणार नाही. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) ती भयंकर म्हातारी मोहम्मद समद या मुलानेच केली आहे. छोट्या, कोवळ्या चेहऱ्यावर थर चढवायला जागा मिळते, हा त्या निवडीचा माझ्या लेखी मोठाच फायदा. थर मात्र हाडांचा अंदाज घेऊन चढवायचा. ओठांच्या कडेला, पापण्यांजवळ तो जाड झाला, की नट बोलतो आणि चेहरा ढिम्म राहतो.

सुरकुत्या कोरताना मातीवर पातळ प्लास्टिक पसरून वरून कोरणी फिरवली, तर रेघेच्या कडा आपोआप मऊ होतात. रंध्रांसाठी बरेच जण संत्र्याच्या सालीचा लेटेक्समध्ये ठसा घेऊन तो वापरतात. (लेटेक्स लांब ठेवा म्हटलं ना? हा ठसा वापरला तर सिलिकॉन भरण्याआधी साचा नीट पुसून घ्यायचा.) रंध्रं जराशी ठळकच ठेवावीत, कारण रंगाखाली ती थोडी बुजतात.

आता कडेकडे. शिल्पाची माती बाहेर जाताना उतरत उतरत शून्यावर आणायची. तिच्याभोवती एक-दोन मिलिमीटर उघडं प्लास्टर सोडायचं, आणि त्यापुढच्या सगळ्या मोकळ्या भागावर मातीची पातळ पट्टी अंथरायची. यामुळे साच्याचे दोन भाग मिटताना फक्त त्या अरुंद उघड्या रेघेवर एकमेकांना टेकतात. सगळा दाब तिथे एकवटतो, कड धारदार निघते आणि जादा सिलिकॉन पट्टीच्या पोकळीत पळतं. ही पट्टी टाळणाऱ्यांची कड कायम जाड येते. नवशिके नेमका इथेच वेळ वाचवायला जातात.

डोक्याच्या प्लास्टरमध्ये तीन-चार वाटीसारखे खळगे कोरा. हे लॉक असले की दोन भाग सरकत नाहीत. उघड्या प्लास्टरला व्हॅसलिनचा पातळ हात द्या. जाड थर दिला तर ब्रशच्या रेघा साच्यात उमटतात. नाकपुडीखाली किंवा कानामागे साचा अडकेल अशी खाच राहिली असेल, तर ती आधीच मातीने बुजवा.

आता साच्याचं प्लास्टर. ते पाण्यात भुरभुरवायचं, पाणी प्लास्टरमध्ये ओतायचं नाही. पहिला हात पातळ, ब्रशने, फुंकर मारत द्यायचा, म्हणजे रंध्रांत बुडबुडे अडकत नाहीत. मग काथ्या बुडवून जाड थर. प्लास्टर तापतं, मग निवतं. निवल्याशिवाय उघडायची घाई नको. उघडताना शिल्प बहुधा फाटतंच. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, माती खरवडून डब्यात परत टाका.

काळू-उल्हास नद्यांच्या काठी पावसाळ्यात साचा वाळायला फार वेळ लागतो, आणि उघडी पडलेली प्लास्टरची गोणी दमट होऊन निकामी होते. सिलिकॉनऐवजी भट्टीत भाजायचं फोम लेटेक्स भरणार असाल तर साचा पूर्ण वाळलेला हवाच. ओला साचा भट्टीत तडकतो. सिलिकॉनचं माप, रंग आणि भरणी पुढच्या आठवड्यात.